तरंगलेलं दूध

दुधाचा थेंब पळीतून वाटीतल्या पाण्यावर उतरला आणि बुडाला नाही. आधी तो रुपयाच्या नाण्याएवढा पसरला, मग कडेला थोडा विरळ झाला आणि तिथेच, पाण्याच्या पाठीवर, बसून राहिला. मी मनात तीसपर्यंत आकडे मोजले. खालचं पाणी इतकं नितळ होतं की काशाच्या वाटीच्या तळावरचे ठोक्यांचे वण मला स्पष्ट दिसत होते.

दूध माझं होतं.

समोर बसलेल्या, बाळांना मंतरलेलं जल देणाऱ्या जलमाईने वाटी उचलून मंडपाला दाखवली. "चांगलं दूध पाण्यात मिळतं. हे बघा, हे मिळत नाय. आगीचं दूध हाय हे. पोराच्या पोटात पण असंच वर तरंगत बसतं, आन खाली पोरगं तहानेनं जळतं."

देवळाच्या सभामंडपात शंभरेक बायका बसल्या होत्या. एप्रिलचा तिसरा आठवडा, वरचा पत्रा तापलेला, पंखे गरम हवाच खाली ढकलत होते. खांब गावच्या फाट्यावरून आत आलेल्या दोन मिनीडोर रिक्षा बाहेर उभ्या होत्या. कोलाड, नागोठण्याच्या बायका होत्या, एक कुटुंब तर वडखळहून गाडी करून आलं होतं. प्रत्येकीच्या मांडीवर एक बाळ, आणि बहुतेक बाळं रडत होती, कारण त्या उकाड्यात शंभर माणसांत बाळ दुसरं काय करणार.

जलमाईचं बोलणं मात्र ऐकण्यासारखं होतं. "आपण जेवायला बसतो तवा ताटाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवतो का नाय?" तिने विचारलं. बायका म्हणाल्या, ठेवतो. "मग ह्या लेकराला दोन-दोन महिने नुसतं जेवाण वाढताय. तांब्या कोण ठेवणार, सरकार?"

मंडप हसला. मीही हसले असेन. त्या विनोदात एक साधी चूक होती आणि ती मला तिथल्या तिथे सांगता यायला हवी होती. आईच्या दुधाच्या शंभर भागांतले सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. ताट आणि तांब्या एकाच ठिकाणी असतात.

तिच्यापुढे दोन तांब्याच्या कळश्या होत्या, एकीवर लाल फडकं, दुसरीवर पांढरं. पहिली परीक्षा लाल कळशीतल्या पाण्यात. दूध तरंगलं तर अकरा दिवस बाळाला सात विहिरींचं जल द्यायचं, मग दुसरी परीक्षा पांढऱ्या कळशीतल्या पाण्यात. कळश्यांना कोणी हात लावायचा नाही. परीक्षेचं पाणी उताऱ्याचं, म्हणून ते लगेच पायरीशेजारच्या कोपऱ्यात ओतून टाकायचं. माझ्या आधी कोलाडच्या एका बाईची दुसरी परीक्षा झाली होती. तिचं दूध पांढऱ्या धाग्यासारखं सरळ तळाला गेलं आणि बघता बघता सगळी वाटी धुकट झाली. ती बाई रडली होती.

आता सासूबाईंनी माझ्या बाळासाठी, साईराजसाठी, जलाच्या बाटल्या घेतल्या. दिवसातून सहा वेळा पाच-पाच चमचे. मंडपातून घरी येताना मी हिशेब केला: तीस चमचे म्हणजे दीडशे मिलिलिटर. साईराज अडीच महिन्यांचा, वजन पाच किलो दोनशे ग्रॅम. दिवसभरात तो जेवढं दूध पीत असेल त्याच्या जवळजवळ पाचवा भाग. आकडा बरोबर आला आणि मी तिथेच थांबले. त्या आकड्याचा अर्थ काय, हे मी स्वतःला विचारलं नाही.

हे सांगायला मला कमीपणा वाटतो, पण सांगितलं पाहिजे. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. लग्नाआधी आणि नंतरही, एकूण चार वर्षं, मी रोह्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. द्रवाची घनता मोजणं हे माझं रोजचं काम होतं. कुठला द्रव कशावर तरंगेल हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण त्या दिवसांत मला झोपच नव्हती. साईराज रोज संध्याकाळी पाचला रडायला लागे आणि नऊपर्यंत रडे. तेवढ्या वेळात घरातलं प्रत्येक माणूस एकदा दाराशी येऊन बघून जाई, काही बोलत नसे. चार तास कोणी काही बोललं नाही की माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत असते. माझी आई सहा वर्षांपूर्वी गेली, म्हणून माझं सासरीच झालं. त्यात सासूबाईंनी काही कमी केलं नाही. डिंकाचे लाडू केले, शेकशेगडी केली, अंगाला तेल लावलं. तरी त्या खोलीत मी कुणाची मुलगी नव्हते. बाबा पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. हंगाम सुरू झाला की त्यांना यायला जमत नाही. फोन केला की मागे रंगाच्या गनचा फसफस आवाज येई. ते विचारत, "बरं आहे ना?" मी म्हणे, "बरं आहे." मग दोघंही थोडा वेळ तो आवाज ऐकत असू.

माझा नवरा आदेश कंपनीत शिफ्टला. घरी असला की झोपलेला आणि जागा असला की निघालेला. त्या घरात मला नावाने हाक मारणारा तो एकटाच होता. बाकी सगळ्यांसाठी मी साईची आई होते.

जल सुरू झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साईराज कमी रडला. तिसऱ्या दिवशी तो साडेसहालाच झोपला. दुपटी दर तासाला ओली होत होती, आणि सासूबाई ती दोरीवर टाकताना शेजारणींना दाखवत, बघा कशी उष्णता बाहेर पडतेय. चौथ्या दिवशी तो दूध प्यायला लागला की दोन मिनिटांत तोंड सोडून द्यायचा. माझी छाती दुखेपर्यंत भरलेली राहायची. घरात शांतता होती. सगळे खूश होते आणि मीही त्या शांततेत झोपले.

पाचव्या दिवशी दुपारी गावची आशा कार्यकर्ती समीक्षा वजनकाटा घेऊन आली. तिने साईराजला झोळीत घातलं, काटा पाहिला, झोळी सारखी केली आणि पुन्हा पाहिला. मग तक्ता माझ्यासमोर धरला. पाच किलो ऐंशी ग्रॅम.

"ह्या वयात दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम वाढायला हवं, ताई," ती हळू म्हणाली. बाहेर सासूबाई होत्या. "पाच दिवसांत एकशेवीस उतरलं. वरचं काय देताय?"

मी बाटली दाखवली. तिने सुस्कारा टाकला. गावात आणखी चार घरांत तिने ती बाटली पाहिली होती. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, हे ती घरोघर सांगत फिरते. त्यावर लोक तिला चहा देतात.

तिने तिथूनच आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला. डॉक्टरांनी भराभर प्रश्न विचारले. जागं केल्यावर बाळ जागं होतं का, ओढून पितं का, टाळू खोल गेलीय का, झटका आला का. मग नीट समजावून सांगितलं. बाळाचं पोट त्याच्या मुठीएवढं. ते पाण्याने भरलं की भूक मरते, म्हणून बाळ रडत नाही. ते प्यायलं नाही की दूध उतरणंही कमी होतं. आणि एवढ्याशा मूत्रपिंडांना इतकं पाणी बाहेर टाकता आलं नाही तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मग बाळ मलूल होतं. फार झालं तर झटके येतात. पाणी आत्ताच्या आत्ता बंद, दर दोन तासांनी छातीशी घ्यायचं, आणि सुस्ती वाटली तर क्षणभर न थांबता रोह्याला दवाखान्यात न्यायचं.

मी विचारलं, "पण माझं दूध पाण्यावर तरंगतं, त्याचं काय?"

 डॉक्टर म्हणाले, "तुम्ही काय शिकलाय?"

मी सांगितलं.  त्यांनी फक्त फोन समीक्षाला द्यायला सांगितला. तेवढं पुरेसं होतं.

समीक्षा गेल्यावर, घर झोपलेलं असताना, मी स्वयंपाकघरात काचेचे दोन पेले ठेवले. एकात आपल्या विहिरीचं पाणी. दुसऱ्यात तेच पाणी, त्यात चार चमचे मीठ घालून, ढवळून, निवळू दिलेलं. चमच्यात थोडं दूध काढलं आणि चमचा पाण्याला टेकवून हळूच सोडलं. पहिल्या पेल्यात दूध धाग्यासारखं तळाला गेलं. दुसऱ्यात ते वर पसरलं आणि राहिलं.

इतकंच होतं. दूध साध्या पाण्यापेक्षा किंचित जड असतं, म्हणून गोड्या पाण्यात ते बुडणारच, ते कुणाचंही असो. पाण्यात पुरेसं मीठ घातलं की पाणी दुधापेक्षा जड होतं आणि दूध वर राहतं. बाईच्या अंगातली आग, बाळाची तहान, सात विहिरी, यातलं काहीच त्या पेल्यात नव्हतं. तुम्हीही करून बघा, गाईचं दूध चालेल. मला हे कळायला पाच दिवस लागले आणि त्याची किंमत माझ्या मुलाने मोजली.

"कसला पोरखेळ चाललाय गो?"

दारात सरू आत्या होत्या, माझ्या सासऱ्यांच्या चुलत बहीण. नवरा गेल्यापासून मागच्या आळीत एकट्या राहतात, दुपारी झोप येत नाही म्हणून ताक मागायच्या निमित्ताने येतात. माहेर पेणच्या खाडीकडचं, मिठागरात राबणाऱ्यांचं. मी काही न बोलता पेले त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी दुसऱ्या पेल्यात बोट बुडवून चाटलं, मग वर तरंगणाऱ्या दुधाकडे बघत राहिल्या.

"माझा बा अंडं सोडायचा पाण्यात," त्या म्हणाल्या. "अंडं वर आलं का म्हनायचा, मीठ जवळ आलं." मग माझ्याकडे वळल्या. "रंभाला सांगितलंस?"

रंभा म्हणजे माझ्या सासूबाई. मी मान हलवली. सांगितलं नव्हतं. आदेशला मात्र त्याच संध्याकाळी सांगितलं, तो बुटाच्या नाड्या बांधत असताना. वजन उतरलंय म्हटल्यावर तो घाबरला, खरंच घाबरला. मग म्हणाला, "पण आईने तीन पोरं वाढवलीत. तिच्याशी बोल ना." आणि शिफ्टची गाडी आली.

बोलणं कठीण होतं, कारण सासूबाई दुष्ट नव्हत्या. दुष्ट माणसाशी भांडता येतं. उन्हातून चालत जाऊन त्यांनी त्या बाटल्या आणल्या होत्या, नातवाच्या तहानेच्या काळजीने. शेजारणींना सांगितलं होतं की आमची सून शिकलेली असून ऐकते. मी काय सांगणार होते, की तुम्ही त्याला उपाशी ठेवलंत? आणि मी पाच दिवस चमचा धरून होते, त्याचं काय?

म्हणून मी सोपा मार्ग घेतला. दिवसातून सहा वेळा खोलीचं दार लोटायचं, पाच चमचे मोजून मोरीत ओतायचे, चमचा पुसून बाटलीशेजारी ठेवायचा. दर दोन तासांनी साईराजला छातीशी घ्यायचं. प्रत्येक वेळी मला वाटे की दार उघडेल, आणि प्रत्येक वेळी ते उघडलं नाही याचं वाईटही वाटे. त्या सहा दिवसांत मी जितकी एकटी होते तितकी कधीच नव्हते. रडणाऱ्या बाळाबरोबर माणूस एकटा असतो, पण खोट्याबरोबर त्याहून जास्त.

साईराज सुधारला. सातव्या दिवशी पुन्हा संध्याकाळी रडायला लागला, जोरात, आणि मला ते ऐकून बरं वाटलं. आठव्या दिवशी तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. दहाव्या दिवशी समीक्षाने वजन केलं: पाच किलो तीनशे.

सासूबाईंनी तो आकडा अख्ख्या आळीला सांगितला. बाळ गुबगुबीत झालं, तेही जलाने. सगळ्यांनी मान्य केलं. मीच पुरावा झाले होते आणि गप्प होते.

त्याच दुपारी नळावर रोहिणी भेटली. आमच्यापासून तिसरं घर. तिची मुलगी दीड महिन्याची, साईराजपेक्षा कितीतरी लहान. ती म्हणाली, "वहिनी, तुमच्या साईला गुण आला म्हनून मी पन चार दिवसांपासून देते. आता रडतच नाय बघा." मी तिच्या खांद्यावरच्या मुलीकडे पाहिलं. तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते. मी म्हटलं, थोडं कमी दे, दूध जास्त पाज. ती म्हणाली, माईंनी सांगितलंय तेवढंच देते. मागे सासूबाई हंडा घेऊन उभ्या होत्या. मी माझी कळशी उचलली आणि घरी आले. समीक्षाला निरोप पाठवला की रोहिणीच्या मुलीला बघून ये. ती त्या दिवशी दुसऱ्या गावात होती.

अकराव्या दिवशी पुन्हा मंडप भरला. या वेळी पाऊणशे बाया मागे उभ्याच होत्या. आमच्या पिशवीत सासूबाईंनी मोसंबी घेतली होती, कारण परीक्षा पास झाली की जल थांबून रस सुरू होतो, उगवतीला दोन चमचे, असं माईने सांगितलेलं होतं. सरू आत्या माझ्या शेजारी बसल्या. रोहिणी पुढे, मुलीला पदराखाली घेऊन. माझा निरोप मिळून समीक्षा आत्ताच आली होती आणि बाहेर पायरीशी उभी होती.

साडीच्या आडोशाला जाऊन मी पळीत दूध काढून आणलं. जलमाईने पांढरं फडकं बाजूला केलं, स्वच्छ वाटी भरली, माझ्या हाताला धरून पळी तिरकी केली. दुधाचा धागा तळाला गेला, वाटी धुकट झाली. पळीत निम्मं दूध अजून उरलं होतं.

"मिळालं," जलमाई म्हणाली. "अकरा दिवसांत आग इझली. ही पोरगी शिकलेली हाय बरं का, कंपनीत साहेब होती. शिकलेल्यांना पन शेवटी माईच्या पाण्याला यावं लागतं." मंडप हसला. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मी पळी हातात धरून उभी राहिले. बोलायची वेळ हीच होती. मला शब्द माहीत होते, क्रमाने माहीत होते. तोंड उघडलं नाही.

तेव्हा सरू आत्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. पुढे गेल्या, लाल कळशीवरचं फडकं उचललं, आत बोट बुडवलं आणि चाटलं.

जलमाईचा आवाज पहिल्यांदा चिरका झाला. कळशीला हात लावला, पाप लागेल, सात पिढ्यांना भोवेल, असं बरंच काही.

"पापाचं मी मागनं बघंन," आत्या म्हणाल्या. "मिठागराची पोर हाय मी. ह्यात अंडं तरंगंल." त्यांनी वाटी लाल कळशीतल्या पाण्याने भरली आणि माझ्यापुढे ठेवली. "उरलेलं ओत गो ह्यात."

 मी पळी पाण्याला टेकवली आणि हळू सोडलं. दूध वर पसरलं आणि राहिलं.

शेजारी शेजारी दोन वाट्या. एकाच बाईचं, एकाच पळीतलं, एकाच मिनिटाचं दूध. एकीत आग विझलेली, दुसरीत पेटलेली. पुढच्या चार-पाच बायका उठून वाकून बघू लागल्या. एकीने लाल कळशीतलं पाणी चाखलं आणि थुंकली. दुसरीने पांढऱ्यातलं चाखलं, म्हणाली, हे आपल्या विहिरीसारखंच गोडं हाय. पायरीशेजारच्या कोपऱ्यात, जिथे दर वेळी वाट्या रिकाम्या व्हायच्या, तिथे कोणीतरी बोट दाखवलं. गवत जळून माती पांढरी पडली होती. मीठ घालून पाणी जड केलं की दूध वर राहतं, हे आत्यांनी मिठागराच्या भाषेत सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं.

पण जलमाई मुरलेली होती. ती उठली नाही, पळाली नाही. तिने आवाज खाली आणला.

"वाटीचं सोडा," ती म्हणाली. "खारं असंल, गोडं असंल, देवाच्या परीक्षा आपल्याला काय कळतात. हिचं पोर बघा. अकरा दिवसांमागं कसं होतं, आज कसं हाय. कशानं सुधारलं? हिलाच इचारा. रंभाताई, तुम्ही सांगा, रोज दिलं का नाय जल?"

"दिलं," सासूबाई म्हणाल्या. "सहा येळा. चुकवलं नाय."

मंडपात कुजबुज सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं की ती आत्यांच्या विरुद्ध चालली आहे. मीठ सिद्ध झालं होतं, तरी बाळ पुढे दिसत होतं. पाच किलो तीनशे ग्रॅमचं, लाल गालांचं. वाटीतलं खोटं आत्यांनी उघडं केलं होतं. खोलीतलं खोटं माझं होतं, आणि जलमाई आता त्याच्यावरच उभी होती.

रोहिणी उठून माझ्याजवळ आली. तिने पदर बाजूला केला. मुलगी जागी होती की झोपलेली, ते कळत नव्हतं. तिने मुलीच्या तळपायाला टिचकी मारली, आणि मुलीने पाय ओढायला बराच वेळ घेतला.

"वहिनी," ती म्हणाली, "खरं सांगा. हिला देऊ का नको?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सासूबाईही. मी आत्यांकडे पाहिलं नाही, कारण त्यांनी त्यांचं काम केलं होतं.

"देऊ नकोस," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "एक चमचाही नको. समीक्षा बाहेर आलीय, तिच्याबरोबर हिला आत्ता रोह्याला ने, मी पण येते. साईराजला मी पहिले पाच दिवस पाणी दिलं, तेव्हा तो उतरला. वजन तक्त्यात लिहिलेलं आहे. नंतरचे सहा दिवस मी ते सगळं मोरीत ओतलं. तो सुधारला तो फक्त दुधावर. ऊन कितीही असो, बाळाला लागतं तेवढं पाणी आईच्या दुधात असतंच. कुणी म्हणतं म्हणून ऐकू नका, माझंही ऐकू नका. दोन पेले घ्या, मीठ घ्या, करून बघा. वजनकाटा आहे, दर आठवड्याला बाळाचं वजन करा. जे दिसेल ते माना."

 सासूबाईंच्या हातातली पिशवी खाली टेकली होती. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. मी फसवलं याचं दुःख त्यात होतं, आणि बहुतेक दुसरंही काहीतरी, कारण त्या साईराजकडे बघत होत्या.

"सहा दिवस," त्या म्हणाल्या. "माझ्याशी बोलली नाय."

"नाही बोलले," मी म्हटलं. "चुकलं. आता बोलते, आई. साईराज सहा महिन्यांचा होईपर्यंत त्याला माझ्या दुधाशिवाय काही मिळणार नाही. पाणी नाही, मोसंबीचा रस नाही, कोणाचं तीर्थ नाही. त्याची आई म्हणून हे मी ठरवलंय."